हिरवं कुंड लाल होताना: जिवंत यीस्ट पेशीतल्या गॉल्गीचं प्रकरण

पेशीविज्ञानात काही वाद असे असतात की दोन्ही बाजूंचे पुरावे खरे असतात आणि तरीही निकाल लागत नाही. पेशीत प्रथिनांवर प्रक्रिया करून ती रवाना करणाऱ्या गॉल्गी संकुलातून प्रथिनं पुढे कशी सरकतात, हा त्यातलाच एक. काही दशकं चाललेल्या या वादाला २००६ साली 'नेचर'च्या एकाच अंकात लागोपाठ छापून आलेल्या दोन शोधनिबंधांनी निर्णायक वळण दिलं. पहिला निबंध शिकागो विद्यापीठातल्या बेंजामिन ग्लिक यांच्या गटाचा होता आणि दुसरा जपानच्या रिकेन संस्थेतल्या अकिहिको नाकानो यांच्या गटाचा. दोन्ही गटांनी जिवंत यीस्ट पेशीतल्या गॉल्गीला दोन रंगांच्या खुणा लावल्या, त्यातलं एक कुंड, म्हणजे चपटा पोकळ कोश, निवडलं आणि फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकाच कुंडावर काही मिनिटं नजर रोखून धरली.

या निबंधांतली चित्रं दिसायला अगदी साधी आहेत. काळ्या पार्श्वभूमीवर थोडे ठिपके, बस्स. सूक्ष्मदर्शनाच्या स्पर्धांत बक्षीस मिळवणाऱ्या रंगीबेरंगी चित्रांसमोर ती उभीही राहणार नाहीत. पण जिवंत पेशी पाहायची ती कशासाठी, हे विद्यार्थ्यांना समजावताना मला याहून चांगलं प्रकरण सापडलेलं नाही. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

वाद नेमका कशाचा

कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ साली इटलीतल्या पाव्हिया इथे घुबडाच्या मेंदूतल्या चेतापेशी चांदीच्या क्षारांनी रंगवल्या, तेव्हा त्यांना पेशीच्या आत एक जाळी दिसली. ती खरोखर पेशीत असते की रंगवण्याच्या प्रक्रियेतून तयार होते, यावर पुढे जवळजवळ अर्धं शतक भांडण चाललं. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं ते मिटवलं. चपट्या पोकळ कोशांची, म्हणजे कुंडांची, एकावर एक रचलेली चळत त्यात स्पष्ट दिसली.

आंतर्द्रव्यजालिकेत तयार झालेली प्रथिनं या चळतीच्या एका बाजूनं आत येतात. आत त्यांच्यावर शर्करेच्या साखळ्या बसतात, काटछाट होते, आणि दुसऱ्या बाजूनं ती पेशीपटलाकडे किंवा इतरत्र रवाना होतात. सुरुवातीच्या कुंडांत एक विकरं असतात, शेवटच्या कुंडांत दुसरी. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. मतभेद पुढच्या पायरीवर होता.

शाळेचं उदाहरण घेऊ. एका शाळेत वर्गखोल्या ठरलेल्या असतात. पहिली पास झालेली मुलं उठून दुसरीच्या खोलीत जाऊन बसतात. शिक्षक आणि दारावरची पाटी जागच्या जागी राहते. दुसऱ्या शाळेत मुलं उठतच नाहीत. वर्ष संपलं की पहिलीचे शिक्षक निघून जातात, दुसरीचे येतात आणि त्याच खोलीवर नवी पाटी लागते. पहिली शाळा म्हणजे पुटिका-वहनाचा सिद्धांत: कुंडं स्थिर, आणि माल पुटिकांमध्ये, म्हणजे पटलाच्या छोट्या पिशव्यांमध्ये, बसून एका कुंडातून दुसऱ्यात जातो. दुसरी शाळा म्हणजे कुंड-परिपक्वतेचा सिद्धांत: माल कुंडातच राहतो, विकरं बदलत जातात आणि सुरुवातीचं कुंड हळूहळू शेवटचं कुंड बनतं.

पुटिकांच्या बाजूनं भक्कम काम झालेलं होतं. जेम्स रॉथमन यांनी १९८० च्या दशकात पेशीबाहेर, परीक्षानळीत, गॉल्गीतली वाहतूक घडवून दाखवली आणि तिला लागणारी प्रथिनं एकेक करून वेगळी केली. पुटिका-वाहतुकीच्या शोधासाठी त्यांना, रँडी शेकमन आणि थॉमस सुडॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं. उलट बाजूला एक अडचण मात्र डोळ्यांत सलत होती. काही शैवालांच्या पेशी स्वतःभोवती खवले रचतात आणि ते खवले गॉल्गीच्या कुंडात तयार होतात. आपल्या त्वचेतलं, हाडांतलं कोलॅजन ज्यापासून बनतं त्या प्रोकोलॅजनचा एकेक दांडा सुमारे ३०० नॅनोमीटर लांब असतो. गॉल्गीतल्या पुटिकेचा व्यास ५० ते ६० नॅनोमीटरच्या आसपास. एवढ्याशा पुटिकेत असा खवला किंवा दांडा मावणार कसा? इटलीतल्या अल्बेर्तो लुइनी यांच्या गटानं १९९८ मध्ये दाखवलं की प्रोकोलॅजन गॉल्गी पार करतं, पण कुंडाबाहेर पडत नाही.

तरीही वाद संपला नाही, कारण बहुतेक पुरावे एक तर मारून स्थिर केलेल्या पेशींतून आलेले होते किंवा परीक्षानळीतून. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात पहिलीची खोली दिसते, चौथीची खोलीही दिसते. पण आजची चौथीची खोली गेल्या वर्षी कोणती होती, हे एका छायाचित्रातून कळणं शक्य नाही. अशी हजार छायाचित्रं काढली तरी कळणार नाही. दोन्ही सिद्धांतांत स्थिर चित्र अगदी सारखंच दिसतं. फरक दिसणार तो एकाच कुंडाच्या आयुष्यात, आणि आयुष्य पाहायचं तर पेशी जिवंत हवी.

यीस्टच का

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात हुशार निर्णय सूक्ष्मदर्शकाच्या निवडीचा नव्हता, सजीवाच्या निवडीचा होता.

दृश्य प्रकाशाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० ते २५० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. सस्तन प्राण्यांच्या पेशीत गॉल्गीची कुंडं एकमेकांना लगटून रचलेली असतात, आणि शेजारच्या दोन कुंडांमधलं अंतर या मर्यादेच्या कितीतरी खाली असतं. तिथे हिरवा आणि लाल रंग लावला तर एक मिश्र ढग दिसतो. त्यातलं एक कुंड वेगळं काढून त्याचा पाठलाग करणं अशक्य.

पाव फुगवणारं नेहमीचं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, याबाबतीत वेगळं आहे. त्याच्या गॉल्गीची कुंडं चळतीत रचलेली नसतात. जेमतेम ५ मायक्रोमीटरच्या पेशीत ती सुटी-सुटी विखुरलेली असतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकात प्रत्येक कुंड एक वेगळा ठिपका म्हणून दिसतं. यीस्टच्याच जातकुळीतल्या पिकिया पास्टोरिसमध्ये मात्र कुंडं व्यवस्थित चळतीत असतात, आणि ग्लिक यांच्या गटानं दोन्हींवर काम केलेलं होतं. कोणत्या प्रश्नासाठी कोणतं यीस्ट घ्यायचं, हे त्यांना त्या अनुभवामुळे नीट ठाऊक होतं.

खुणा आणि रंग

सुरुवातीच्या कुंडाची खूण म्हणून शिकागोच्या गटानं व्हीआरजी-४ हे प्रथिन घेतलं. शर्करेचा कच्चा माल कुंडाच्या आत नेणं हे त्याचं काम. त्याला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं. उशिराच्या कुंडाची खूण म्हणून सेक-७ हे प्रथिन घेतलं आणि त्याला डीएसरेड हे लाल चमकणारं प्रथिन जोडलं.

जीएफपीची कथा बऱ्याच वाचकांना माहीत असेल. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली ते जेलीफिशमधून वेगळं काढलं, डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्याचं जनुक हाती आणलं, मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये ते दुसऱ्या सजीवांत चमकवून दाखवलं, रॉजर त्सिएन यांनी ते अधिक तेजस्वी केलं आणि इतर रंगांत आणलं. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं नोबेल मिळालं. लाल रंगाकडे मात्र लोकांचं लक्ष कमी जातं, आणि या प्रकरणात खरी अडचण लाल रंगाचीच होती.

डीएसरेड प्रवाळाच्या नात्यातल्या एका समुद्री प्राण्यातून १९९९ मध्ये मिळालं. त्याचे चार रेणू एकत्र चिकटून राहतात. शिवाय ते तयार झाल्याबरोबर लाल होत नाही. मूळ रूपातले अर्धे रेणू लाल व्हायलाच १० तासांपेक्षा जास्त वेळ लागतो. चांगलं खाद्य मिळालं तर यीस्ट दीड तासात दुप्पट होतं. म्हणजे प्रथिन लाल होईपर्यंत पेशीच्या कितीतरी पिढ्या उलटून जातात आणि खूण वाटली जाऊन फिकट होते. ग्लिक यांच्या गटानं २००२ मध्ये डीएसरेडमध्ये बदल करून तासाच्या आत अर्धे रेणू लाल होतील अशी रूपं तयार केली. हे काम आधी झालं नसतं तर २००६ चा प्रयोग उभाच राहिला नसता. जिवंत पेशींच्या सूक्ष्मदर्शनात रंग निवडण्याला प्रयोगाइतकाच वेळ द्यावा लागतो. नवखा माणूस हा वेळ वाचवायला जातो आणि पुढे महिनोनमहिने घालवतो.

बाकीची तयारी दिसायला बारीक, पण तिच्याशिवाय काहीच दिसत नाही. यीस्टचं नेहमीचं खाद्य स्वतःच हिरवट चमकतं, म्हणून रायबोफ्लेविन आणि फॉलिक आम्ल वगळलेलं माध्यम वापरतात. एडीई-२ जनुकात बिघाड असलेल्या यीस्टमध्ये ॲडेनिन कमी पडलं की लालसर रंगद्रव्य साठतं आणि तेही चमकतं. म्हणून ॲडेनिन भरपूर द्यायचं किंवा असं यीस्ट घ्यायचंच नाही. पेशी वाहून जाऊ नयेत म्हणून काचेवर कॉनकॅनाव्हॅलिन-एचा थर देतात. पेशीभित्तिकेवरच्या मॅनोज या शर्करेला ते घट्ट धरून ठेवतं. आणि खूण लावलेलं जनुक शक्यतो गुणसूत्रावर त्याच्या मूळ जागीच बसवायचं, म्हणजे प्रथिन नेहमीइतकंच तयार होतं. उगाच जास्त प्रथिन तयार झालं तर ते जिथे नसतं तिथेही दिसू लागतं.

प्रकाशाचा हिशेब

यीस्टमधली कुंडं तीनही दिशांना सतत हिंडतात. एकाच पातळीवर लक्ष ठेवलं तर काही सेकंदांत कुंड वर-खाली सरकून नजरेआड होतं. म्हणून प्रत्येक वेळी पेशीचे वरपासून खालपर्यंत अनेक काप घ्यावे लागतात आणि पुन्हा लगेच दुसरा संच घ्यावा लागतो.

समजा एका संचात २० काप, दर ३ सेकंदांना एक संच, १० मिनिटं चित्रण आणि २ रंग. २०० संच, ४,००० काप, ८,००० वेळा प्रकाश. एवढा लेसर एका छोट्या पेशीवर पडला की दोन गोष्टी होतात. रंग विझत जातो, आणि उत्तेजित रेणूंमुळे तयार होणारी ऑक्सिजनची घातक रूपं पेशीला इजा करतात. विझलेला रंग निदान डोळ्यांना दिसतो. इजा दिसत नाही, आणि म्हणून ती जास्त धोकादायक. इजा झालेली पेशी लगेच मरत नाही. तिच्या वाहतुकीचा वेग मंदावतो, आणि तो मंद वेग आपण निसर्गाचा वेग समजून वहीत नोंदवतो.

दोन्ही गटांनी कॉन्फोकल पद्धत वापरली. तिच्यात बारीक छिद्रातून फक्त नेमक्या पातळीवरचा प्रकाश संवेदकापर्यंत पोहोचतो आणि वर-खालचा धूसरपणा अडतो. जपानी गटानं वेगावर भर दिला. योकोगावा कंपनीच्या फिरत्या तबकडीच्या यंत्रात तबकडीवर हजारो छिद्रं असतात आणि सुमारे १,००० किरण एकाच वेळी नमुन्यावरून फिरतात, त्यामुळे एका बिंदूवर फार तीव्र प्रकाश न टाकताही चित्र पटकन मिळतं. प्रत्येक चित्र खरखरीत आलं तरी चालेल, पण वेळेवर हवं, असा तो सौदा. या प्रश्नासाठी तोच योग्य होता. सुंदर चित्राच्या मोहानं प्रकाश वाढवला असता तर कुंडाचं खरं आयुष्य दिसलंच नसतं.

काय दिसलं

एक ठिपका हिरवा उगवतो. काही काळ हिरवाच राहतो. मग हिरवा रंग कमी होऊ लागतो आणि त्याच ठिपक्यात लाल रंग चढू लागतो. मधले थोडे क्षण दोन्ही रंग एकत्र असतात. पुढे हिरवा संपतो, ठिपका पूर्ण लाल होतो, आणि आणखी थोड्या वेळानं तोही विरून जातो. सगळं काही मिनिटांत.

दोन्ही गटांना बदल सुरुवातीच्या खुणेकडून उशिराच्या खुणेकडे होताना दिसला. खोली तीच, पाटी बदलली.

यावर शंका घ्यायला हवी, आणि मी वर्गात हे प्रकरण शिकवताना सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो. पहिली शंका: हिरवा रंग विझला असेल आणि लाल रंग तेवढा उरला असेल तर? पण त्याच चित्रणात, त्याच प्रकाशात, शेजारी नवे हिरवे ठिपके उगवत असतात. प्रकाश रंग विझवतो. नवा हिरवा ठिपका जन्माला घालत नाही. शिवाय ठिपक्यात लाल रंग शून्यापासून वर चढतो, आणि रंग विझल्यानं तसं होत नाही.

दुसरी शंका जास्त अवघड. एक हिरवं कुंड तिथून निघून गेलं आणि नेमकं त्याच जागी एक लाल कुंड आलं असेल तर? किंवा दोन कुंडं एकमेकांत मिसळली असतील तर? इथे त्रिमितीतले काप आणि वेग उपयोगी पडतात. लाल कुंड बाहेरून आलं असतं तर त्याचा येण्याचा मार्ग आधीच्या संचांत दिसला असता. मिसळलं असतं तर लाल रंग एकदम उडी मारून वर गेला असता. प्रत्यक्षात एक आलेख हळूहळू उतरतो आणि दुसरा हळूहळू चढतो.

एक मर्यादा मात्र उरतेच. गर्दीत हरवणारं कुंड मोजता येत नाही, म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत इतरांपासून वेगळी राहिलेली कुंडंच विश्लेषणात घेता येतात. म्हणजे "ही कुंडं परिपक्व होतात" एवढं चित्रणातून सिद्ध होतं. "पेशीतला माल याच वाटेनं जातो" हे त्यातून सिद्ध होत नाही.

शिकागोच्या गटानं इथे सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवला. प्रथिनांना थोडा वेळ किरणोत्सारी खूण देऊन नंतर त्यांचा प्रवास मोजण्याची जुनी, जैवरासायनिक पद्धत त्यांनी वापरली. दोन स्रावित प्रथिनांना हा मार्ग पार करायला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि तो वेग कुंडांच्या परिपक्वतेच्या वेगाशी जुळला. निबंधात हा मुद्दा असा येतो की कुंडांची परिपक्वता मालवाहतुकीचा वेग समजावून द्यायला पुरेशी आहे. मला त्यात आणखी एक आश्वासन दिसतं. किरणोत्सारी प्रयोगातल्या पेशींवर लेसर पडलेला नसतो. प्रकाशानं पेशींना इजा करून त्यांचा वेग मंदावला असता तर दोन वेग जुळले नसते. जिवंत पेशींवरच्या चित्रणाला असा बिनप्रकाशाचा साक्षीदार मिळणं फार मोलाचं असतं. सूक्ष्मदर्शनाचे निबंध वाचताना मी सगळ्यात आधी हाच साक्षीदार शोधतो.

काय उरलं

पुटिका यामुळे बाद झाल्या नाहीत. सुरुवातीची विकरं मागच्या कुंडात परत नेण्याचं काम कोणीतरी करायलाच हवं, आणि तिथे पुटिकाच लागतात. ग्लिक यांच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं की पुटिकांचं कोप-१ नावाचं आवरण निकामी केलं तर गॉल्गीच्या सुरुवातीच्या टप्प्यातली परिपक्वता अडते.

सस्तन पेशींबद्दल मतं अजून एक झालेली नाहीत. जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांच्या गटानं २००८ मध्ये जिवंत सस्तन पेशींवरच्या मोजमापांतून वेगळं प्रारूप मांडलं. त्यात माल गॉल्गीत पोहोचताच सगळ्या चळतीत पसरतो आणि कोणत्याही टप्प्यावरून बाहेर पडू शकतो. रॉथमन यांच्या गटानं २०१३ मध्ये कुंडांना आतून 'स्टेपल' मारली, आणि ती कुंडं तासन् तास जागची हलली नाहीत. कडेच्या फुगीर भागातला माल मात्र पुढे सरकत राहिला. यीस्टचा निकाल जसाच्या तसा माणसाच्या पेशीला लावणं मला घाईचं वाटतं. सुटी कुंडं आणि चळतीतली कुंडं यांचं तंत्र सारखं असेल, पण ते दाखवावं लागेल.

महाराष्ट्रातही या धाग्यावर काम झालं आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे. तिथल्या दिब्येंदू भट्टाचार्य यांच्या गटानं ग्लिक यांच्यासोबत २०१४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. आर्फ हे प्रथिन कमी केलेल्या यीस्टमध्ये गॉल्गी मोठं होतं, आणि त्यामागे कुंडांच्या परिपक्वतेची बदललेली लय आहे, असं त्यात दाखवलं आहे. कुंड किती मोठं होणार हे ते किती लवकर परिपक्व होतं यावर ठरतं, ही कल्पना मला फार आवडते, कारण आकार आणि वेळ यांची गाठ स्थिर चित्रात कधीच दिसली नसती.

२००६ च्या दोन्ही निबंधांत एक गोष्ट मात्र नव्हती. पाट्या बदलताना दिसल्या, पण मुलं खोलीतच बसून होती का, हे थेट कोणी पाहिलं नव्हतं. त्यासाठी मालालाच रंग द्यावा लागणार होता, आणि तो माल हव्या त्या क्षणी एकदम सोडता यायला हवा होता. शिकागोच्या गटानं असा माल तयार केला. तो आंतर्द्रव्यजालिकेत गोळे होऊन अडकतो. एक छोटा रेणू पेशीत सोडला की गोळे विरघळतात आणि माल गॉल्गीकडे निघतो. २०१९ मध्ये शिकागो आणि रिकेनच्या गटांनी पुन्हा एकाच नियतकालिकात, पाठोपाठ, मालाचं जिवंत चित्रण छापलं. कुंडाच्या खुणा बदलत असताना माल त्याच कुंडात दिसला. शिकागोच्या चित्रणात आणखी एक गोष्ट आढळली. उशिराच्या कुंडात पोहोचलेला थोडा माल एपी-१ या प्रथिनसंकुलाच्या मदतीनं मागे, गॉल्गीच्याच दुसऱ्या कुंडात, परत जातो.